वामनरावांची कैलासाची तयारी

वामनराव निंबोळकर चार वर्षं कैलासला जायची तयारी करत होते. एवढ्या वेळात माणूस बी.ए. होतो. मी स्वतः त्या चार वर्षांत लग्न करून दोन लेकरांचा बाप झालो, आणि माझी तर कसलीच तयारी नव्हती.

खामगावच्या आमच्या जिनिंग-प्रेसमध्ये ते कापसाचे पारखी होते. गाडी फाटकातून आत आली की वामनराव बैलांकडं बघत नसत, गाडीवानाकडंही नाही. सरळ कोपरापर्यंत हात गाडीत खुपसून तळातला मूठभर कापूस बाहेर काढत, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ओढत, आणि डोळे मिटून सांगत, "जामोदकडचा हाये. निंघतानी पाणी मारलं यानं." वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी शिंपडायची चाल तेव्हा सगळीकडंच होती. गाडीवान आधी आईची शपथ घ्यायचा, मग पोरांची, आणि शेवटी खाली मान घालून गाडी उन्हात लावायचा. "हात लावल्याबिगर बोलू नोको, अन् हात लावल्यावर आयकू नोको," हे वामनरावांचं सांगणं.

ही ओढून बघायची खोड प्रेसच्या फाटकात थांबत नसे. कुणी नवा सदरा घातला की त्याची बाही यांच्या चिमटीत गेलीच. माझ्या लग्नात भर मांडवात, अंतरपाट धरलेला असताना, त्यांनी माझ्या शेल्याचा एक धागा ओढला आणि शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "बाबू, फसवलं तुले. यात रेशीम नाई." शेजारी माझे सासरे उभे होते. पुढं वर्षभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

बाबू म्हणजे मी. प्रेसमधला इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडं असे. इंग्रजी येतं या एकाच गुन्ह्यासाठी मला कैलासाच्या तयारीत धरलं गेलं.

खरं तर कैलासाची ओढ वामनरावांना नव्हतीच. देवाला ते येताजाता हात जोडत, पण थांबत नसत. ओढ होती सुभद्रावैनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला. वैनींचं माहेर मेहकरचं. त्यांच्या लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा त्यांचे वडील कैलासला निघाले आणि लेकीला म्हणाले, चल माझ्यासंगं. वामनराव तेव्हा तरणे आणि भलते मानी. सासऱ्यांना चारचौघांत म्हणाले, "माही बायको मी नेईन. तुमी काऊन तकलीफ घेता?"

"दाखवसान ना तिले?" सासऱ्यांनी विचारलं.

"दाखवीन म्हणलं ना."

सासरे जाऊन आले. आल्यावर आठ दिवस लेकीला जवळ बसवून त्या डोंगराचंच सांगत राहिले, आणि त्याच साली वारले. यावरून वैनींनी नवऱ्याला कधी एका शब्दानं टोचलं नाही. पंचवीस वर्षं नाही. वामनरावांना तेच खात होतं. एकदा मला म्हणाले, "भांडली असती तं बरं झालं असतं, बाबू. मीबी दोन बोललो असतो अन् मिटलं असतं."

पन्नाशी आली तशी त्यांनी एक वही केली आणि तयारीला लागले. पहिलं काम माझ्याकडं आलं. कैलासची वाट अल्मोड्यावरून जाते एवढं कळल्यावर अल्मोड्याच्या पोस्टमास्तरला माझ्या हातून इंग्रजीत पत्रं जाऊ लागली. तिथं ज्वारी मिळते काय? बर्फ सकाळी जास्त निसरडा की दुपारी? दोराच्या पुलावरून जाताना बाईमाणसानं पुढं असावं की मागं? पोस्टमास्तर भला माणूस. पहिल्या तीन पत्रांना त्यानं सविस्तर उत्तरं दिली, सगळे पडाव मैलांसकट लिहून पाठवले. चौथ्याला त्यानं एकच ओळ लिहिली: कृपया या आणि पाहा.

ते पडाव वामनरावांना तोंडपाठ होते. दुपारच्या सुट्टीत भाकरी खाता खाता ते हमालांना ऐकवत. धारचुला, मग चढ, मग गर्ब्यांग, मग काळापाणी, मग लिपूची खिंड. "अन् खिंडीच्या पल्याड इंग्रजाचं राज्य खतम. तिबेट. सरकार दुसरं, बोली दुसरी." हमाल घास हातात धरून ऐकत. त्यातले निम्मे जवळच्या जलंब स्टेशनच्या पुढं कधी गेले नव्हते.

चालायची सवय हवी म्हणून रोज उजाडता उजाडता नवरा-बायको शेगावच्या रस्त्यानं निघत. वामनरावांच्या पाठीवर सरकीनं भरलेली पिशवी, पायात लष्करी बूट, हातात काठी. वैनी रिकाम्या हातानं मागून. वाटेत प्रत्येक मळ्यापाशी वैनी थांबायच्या. कुणाच्या सुनेचं बाळंतपण झालं काय, कुणाची म्हैस आटली काय, सगळी चौकशी करायच्या, पदरात हरभऱ्याचे घाटे घ्यायच्या. तरी वामनराव धापा टाकत मैलाच्या दगडापाशी पोचावेत, तो वैनी त्या दगडावर बसून घाटे सोलत असायच्या. वामनराव म्हणायचे, "माह्याजवळ वजन हाये म्हणून." वैनी पिशवी मागायच्या. ते द्यायचे नाहीत.

आता थंडीचं सांगतो. पोस्टमास्तरनं लोकरीचे कपडे आणा असं लिहिलं होतं. वामनरावांच्या ते जिव्हारी लागलं. जन्म कापसात गेला, आणि थंडी आली की मेंढीचे पाय धरायचे? "लोकर म्हंजे काय बे? मेंढीच्या अंगचा मळ. आपल्याले देवानं कापूस देल्ला ना." त्या हंगामातला सगळ्यांत लांब धाग्याचा कापूस त्यांनी स्वतः निवडला, पिंजाऱ्याकडून दोनदा पिंजून घेतला आणि शिंप्याला समोर बसवून कोट, विजार आणि कानटोपी भरून घेतली. तीन बोटं जाडीचा कोट. तो घालून कचेरीत आले तेव्हा दारातून त्यांना आडवं होऊन यावं लागलं.

कोट झाला, पण खामगावात थंडी आणायची कुठून? ऐन वैशाख. सोडावॉटरच्या दुकानी रेल्वेनं बर्फ यायचा, भुशात घालून पोत्यात बांधलेला. वामनरावांनी चार लाद्या आणवल्या, रिकाम्या गोदामात मांडल्या आणि सगळा जामानिमा चढवून त्यावर मांडी घातली. तासभर बसायचं ठरलं होतं. मी दाराशी घड्याळ घेऊन. अर्ध्या तासानं मी विचारलं, "कसं काय?"

"झकास. ऊब लागून राह्यली."

तास संपला आणि त्यांना उठता येईना. बर्फ विरघळत होता आणि कोट तो पीत होता. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पाणी मारलेली एक गाडी सुटू दिली नाही, तो तासभर स्वतःच पाण्यात भिजत बसला होता आणि त्याला पत्ता नव्हता. दोन हमालांनी काखेत हात घालून उभं केलं. त्यातल्या शेकूनं कोटाच्या शिवणीतून कापसाची चिमूट काढली, अंगठ्यात धरून ओढली, डोळे मिटले आणि म्हणाला, "मालक, गाडी वापस. पाणी मारलं हाये."

सगळं गोदाम हसलं. वामनरावही हसले, पण जरा वेळानं. दुसऱ्या दिवशी त्यांनी धनगराकडून चार घोंगड्या घेतल्या आणि लोकरीबद्दल पुन्हा वावगा शब्द काढला नाही.

मग सरहद्दीचा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्या राज्यात जायचं तर तिथले लोक काय विचारतील, काय उघडून बघतील? वामनरावांना एकच सरहद्द माहीत होती. आपण सी.पी.-वऱ्हाडात, आणि देऊळगाव राजाच्या पुढं गेलं की निजामाची मोगलाई. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. एक सरहद्द ओलांडता आली की कोणतीही येते, असा त्यांनी हिशेब केला. पुढच्या चैत्रात आम्ही तिघं चिखलीहून पायी निघालो, सगळं सामान घेऊन, तीन दिवसांच्या वाटेनं. मी कशाला गेलो विचाराल तर इंग्रजी बोलायची वेळ आली तर म्हणून. मोगलाईत इंग्रजी.

नाक्यावर मेंदी लावलेल्या दाढीचा एक म्हातारा जमादार होता. त्यानं बोचकी सोडायला लावली. स्टोव्ह निघाला, साठ हात दोर निघाला, लिंबाच्या लोणच्याच्या तीन बरण्या, दोन थर्मामीटर, घोंगड्या, सातूचं पीठ. मग एक निळ्या काचांचा चष्मा निघाला.

"ये कायकू?"

"बरफ की चमक के वास्ते," वामनराव म्हणाले.

जमादारानं एकदा बाहेरच्या उन्हाकडं पाहिलं. "बरफ किधर है मियाँ?"

"कैलास में."

"कैलास किधर है?"

वामनरावांनी आम्ही जिकडून आलो होतो तिकडं, उत्तरेकडं बोट केलं. जमादार बराच वेळ त्या बोटाकडं बघत राहिला. "और तुम इधर जारे."

"हौ. सराव करने के वास्ते."

त्यानंतर दोन तास एकेक जिन्नस मांडून त्याची नोंद चालली होती. थर्मामीटर कोणत्या मालात धरायचा, यावर जमादार आणि त्याचा कारकून यांचं एकमत होईना. एवढ्यात नाक्याच्या पलीकडून हाक आली, "अवो, मी इकडं पोचली. तुमी कवा येता?" वैनी जमादाराच्या बायकोशी बोलत बोलत तिच्या घरी गेल्या होत्या, चहा पिऊन मागच्या दारानं निघाल्या होत्या, आणि त्यांना कुणी काहीही विचारलं नव्हतं. जमादार हसू दाबत म्हणाला, "बाई निकल गई, सामान रह गया." वामनरावांनी वहीत लिहिलं: सरहद्दीवर वेळ लागतो.

इथवर सगळी गंमतच होती. मी हे सगळे किस्से गावभर रंगवून सांगत असे आणि वामनराव समोर असले तर राहिलेले तपशील भरून देत.

त्या पावसाळ्यात वैनी दाराच्या चौकटीला धडकू लागल्या. आधी आम्हाला वाटलं, घाई. मग कडेला ठेवलेला तांब्या दिसेना. अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासून काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेली ती गेली, मधलीही जाणार. औषध आहे, पण ते नुसतं लांबवायला. दोन वर्षं, फार तर तीन.

दुसरा कुणी असता तर येत्या उन्हाळ्यात निघाला असता. वामनरावांनी तिसरा थर्मामीटर घेतला. उन्हाळा आला, गेला. दोराचं पक्कं नव्हतं, बुटाची टाच आत दुमडत होती, पोस्टमास्तरचं उत्तर नव्हतं. मला पहिल्यांदा त्यांचा राग आला. म्हणालो, "वामनराव, तुम्हाला जायचंच नाही." ते वहीची पानं उलटत राहिले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस घाबरला आहे. तिला एवढ्या लांब न्यायचं आणि तिचं काही बरंवाईट झालं तर. हात लावून बघितल्याशिवाय ज्यानं कशावर विश्वास ठेवला नाही, त्याच्या हाताला तो डोंगर इथून लागत नव्हता.

एका रविवारी मी त्यांच्याकडं बसलो होतो. वामनराव पिशवीचे पट्टे ओढून बघत होते. वैनी तांदूळ निवडत होत्या, म्हणजे खडे बोटांनी चाचपून काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमची तयारी व्हईन तवा मी आंधळी झाली असन. मंग मले काय दाखवसान?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. आवाज चढला नव्हता, बोटंही थांबली नव्हती. वामनरावांनी पट्टा खाली ठेवला. मग मला म्हणाले, "बाबू, लिही अकोल्याच्या वकिलाले."

अकोल्याचे एक वकील पुढच्या ज्येष्ठात सात-आठ जणांना घेऊन कैलासला निघणार होते. त्यात दोन विधवा बहिणी होत्या, वैनींच्याच वयाच्या. वकिलांचं उत्तर आलं: खुशाल या, फक्त डॉक्टरचा दाखला आणा. दोघंही आमच्या गावच्या डॉक्टरकडं गेली. डॉक्टरनं दोघांनाही दवाखान्याचा जिना चारदा चढायला लावला. वैनी चढल्या, उतरल्या आणि कंपाउंडरला त्याच्या आईची तब्येत विचारू लागल्या. वामनरावांच्या छातीला डॉक्टरनं नळी लावली, काढली, पुन्हा लावली. मग त्यांनी वैनींना बाहेर बसायला सांगितलं.

चार वर्षं सरकीची पिशवी वाहिली, बर्फावर बसले, मोगलाईत जाऊन आले, आणि कुणी त्यांच्या काळजाला एकदाही हात लावून बघितला नव्हता. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला हवं तेवढं. चढ चढलात तर उतरणार नाही.

वैनी म्हणाल्या, मग मीही जात नाही. "तुमच्याबिगर मी तथी काय करू?"

"पाह्यजो," वामनराव म्हणाले.

"एकटी?"

"तुह्या बापाले मी काय म्हणलं होतं? तुले दाखवीन म्हणलं होतं. मी पाहीन असं नोतं म्हणलं." एवढं बोलून ते उठून परसात गेले. वैनी माझ्याकडं बघत होत्या. गल्लीत अर्थातच बोलणं झालं. नवरा घरी आणि बायको हिमालयात. ते वामनरावांच्या कानावर यायचं आणि ते म्हणायचे, "तिले अधिक चालता येते, तं ते जाईन. यात इचारण्यासारखं काय हाये?"

पुढचा महिनाभर त्यांनी ती वही वैनींना रोज वाचून दाखवली. कुठं पाणी कडू, कुठं पूल, खिंड सूर्य डोक्यावर यायच्या आत ओलांडायची कारण मग वारा सुटतो. वैनी हो हो म्हणायच्या आणि निघताना त्यांनी एक घोंगडी, तो निळा चष्मा, डोळ्यांचं औषध, तांब्या आणि सातूचं पीठ एवढंच घेतलं. दोर राहिला, थर्मामीटर तिन्ही राहिले. स्टेशनवर गाडी सुटताना वामनराव म्हणाले, "चढावर बोलू नोको कोणाशी. दम लागते." आणि वैनी म्हणाल्या, "तुमी घाट चढू नोका. माही शपथ हाय." मग माझ्याकडं वळून, "बाबू, ध्यान ठेवजा."

वैनी जाऊन आल्या, हे आताच सांगून टाकतो. भाद्रपदात परत आल्या, उन्हानं काळ्या होऊन, आणि डोंगर धडधडीत बघून आल्या. नजर त्यानंतर दीड वर्ष टिकली. हे सगळं मला पत्रानं कळलं, कारण त्याआधीच माझी यवतमाळच्या प्रेसला बदली झाली आणि वामनराव पुन्हा भेटले नाहीत.

मला त्यांचं शेवटचं आठवतं ते वैनी कैलासला निघून गेल्यानंतरचं. वैनी अल्मोड्याहून चालायला लागल्या त्या दिवसापासून वामनराव इथं चालायला लागले. वकिलांनी तारखांसकट लिहून दिलेल्या यादीत वैनींचा त्या दिवशीचा पडाव जेवढ्या मैलांचा, तेवढेच मैल. शेगावच्या सपाट रस्त्यानं जायचं आणि यायचं. "आज नऊ मैल. उतार हाये तिले, मजेत जाईन." एखाद्या दिवशी त्या मुक्कामाला थांबणार असतील तर हेही ओट्यावर बसून राहत. लोक हसत. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

लिपूच्या खिंडीचा दिवस आला. सकाळी वामनराव बूट घालून माझ्या दारात. आम्ही बुलढाण्याच्या मोटारीत बसलो आणि बोथ्याच्या घाटाच्या पायथ्याशी उतरलो. मी त्यांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. "वैनींनी बजावलंय मला."

"मले मालूम हाये बे," ते म्हणाले, आणि रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर घाटाकडं तोंड करून बसले.

डोळे मिटले. काठी दोन्ही हातांनी धरलेली. थोड्या वेळानं ते बोलू लागले, मोठ्यानं, शेजारी कुणी चालत असावं तसं. "थांब. दम घे. घाई नोको. हां, चाल आता. दगड पाहून पाय टाक." मधे बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "थांब. पाणी पी." बैलगाड्या जात होत्या. गाडीवान वळून बघायचे. एकानं मला खूण करून विचारलं, काय झालं यांना, तर मी त्याला गाडी पुढं न्यायला सांगितलं.

सूर्य डोक्यावर यायला आला तसे त्यांनी डोळे उघडले. टोपी काढली, घाम पुसला, घाटाच्या माथ्याकडं एकदा बघितलं.

"गेली," म्हणाले. "सरहद्दीपल्याड गेली, बाबू."

मी म्हणालो, मोटार यायची वेळ झाली, सावलीत बसू. ते उठून उभे राहिले होते. "मोटार कायले? आता तिले उतारच हाये," म्हणाले, आणि खामगावच्या दिशेनं चालायला लागले. मी मागं होतो. चारदा हाक मारली. वळून न बघता त्यांनी हातानंच चल म्हणून खुणावलं. त्या दिवशी मला त्यांना गाठता आलं नाही.